कोरियन दरबारातील एका प्रधानाचे घराणे आणि कारकीर्द: सोलापुरातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

सात रस्त्याच्या परिसरात कोरियन भाषेचे वर्ग चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेने या उन्हाळ्यात भाषेच्या पलीकडे जाऊन इतिहासाचा एक सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. त्याचा विषय एकच होता: जोसॉन राज्याचे मुख्य प्रधान र्‍यू सॉंग-र्‍योंग (१५४२–१६०७) यांचे घराणे आणि त्यांची दरबारातील कारकीर्द. कोरियन मालिका पाहून त्या देशाच्या इतिहासाकडे वळलेले तरुण आपल्या शहरात आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी राजे-राण्यांच्या गोष्टी सांगणारा एखादा हलकाफुलका कार्यक्रम करणे संस्थेला सहज शक्य होते. तसे न करता एका अधिकाऱ्याचे आयुष्य मुळापासून उलगडून दाखवण्याचा मार्ग तिने निवडला. हा अभ्यासवर्ग पुन्हा भरल्यास अवश्य करावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात काही उणिवा आहेत, आणि त्यांतील एक मला गंभीर वाटते. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या अभ्यासवर्गाची खरी ताकद त्याच्या मांडणीत आहे. बहुतेक चरित्रपर व्याख्याने पदांच्या यादीने सुरू होतात आणि घराण्याची माहिती दोन वाक्यांत उरकतात. येथे मात्र सुरुवातीची सत्रे पूर्णपणे घराण्याला दिली होती. आईचे माहेर, वडिलांची नोकरी, थोरला भाऊ, सासर आणि गुरू हे सारे समजल्याशिवाय जोसॉन दरबारातील माणसाचे एकही पाऊल समजत नाही, ही भूमिका शिक्षिकांनी पहिल्याच दिवशी मांडली आणि शेवटपर्यंत निभावली.

र्‍यू यांचा जन्म त्यांच्या गावी झाला नाही. तो उईसॉंग भागातील साचोन या गावी, आईच्या माहेरी झाला. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रीत ठाऊक असलेल्या श्रोत्यांनी हे ऐकून मान डोलावली, परंतु शिक्षिकांनी तेथेच थांबवून फरक दाखवला. त्या काळच्या जोसॉनमध्ये विवाहानंतर जावई बराच काळ सासुरवाडीस राहत असे आणि मालमत्तेत मुलींचा वाटा मुलांच्या बरोबरीने असे. त्यामुळे आजोळ हे नातवाच्या घडणीतील एक भक्कम केंद्र होते, केवळ बाळंतपणापुरते आणि सुट्टीपुरते ठिकाण नव्हते. सतराव्या शतकापासून कर्मठ कन्फ्यूशियन आचार जसजसा घट्ट होत गेला तसतसा मुलींचा हा वाटा कमी होत गेला आणि थोरल्या मुलाचे वर्चस्व वाढले. म्हणजे पडद्यावर जी ‘परंपरागत’ कोरियन कुटुंबव्यवस्था आपण पाहतो ती र्‍यू यांच्या बालपणी तशी रुजलेलीच नव्हती. माझ्या मते संपूर्ण अभ्यासवर्गातील सर्वांत मोलाचे स्पष्टीकरण हेच होते, आणि त्यासाठी पुरेसा वेळ दिला गेला याचा आनंद आहे.

पितृघराणे पुंगसानचे र्‍यू. हे कुळ आंदोंगजवळील हाहोए गावी येऊन स्थिरावले. नाकदोंग नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या गावात आधी हो आणि आन ही कुळे नांदत होती. र्‍यू नंतर आले आणि तेच पुढे गावाचे मुख्य घराणे ठरले. २०१० मध्ये युनेस्कोने हाहोए आणि यांगदोंग या दोन गावांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. वडील र्‍यू जुंग-यॉंग यांनी १५४० मध्ये राज्यसेवेची वरिष्ठ परीक्षा उत्तीर्ण केली होती आणि ते ह्वांगहे प्रांताचे सुभेदार झाले होते. आई आंदोंगच्या किम घराण्यातील. पत्नी राजवंशाच्या चॉनजू यी कुळातील, सेजोंग राजाचे पुत्र राजकुमार ग्वांगप्यॉंग यांच्या वंशातील. फलकावर ही तिन्ही घराणी शेजारी-शेजारी मांडल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली: पंचविशीच्या आत परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या या तरुणाच्या मागे सुभेदार पिता, विद्याव्यासंगी आजोळ आणि राजवंशाशी जोडलेली सासुरवाडी असे तिहेरी पाठबळ होते. गुणवत्तेवर आधारलेली परीक्षापद्धती म्हणून जोसॉनचे जे कौतुक होते, त्याला हे चित्र आवश्यक ती मर्यादा घालते.

थोरले बंधू र्‍यू उन-र्‍योंग (१५३९–१६०१) यांच्यावरील सत्र मला विशेष भावले. दोघे भाऊ थोर विद्वान यी ह्वांग यांचे शिष्य. विद्यार्थी ज्यांना टोएग्ये या उपाधीने ओळखतात तेच हे गुरू. धाकटा भाऊ परीक्षा देऊन राजधानीत चढत गेला. थोरल्याने वरिष्ठ परीक्षेचा मार्ग धरला नाही. घराण्याच्या पुण्याईवर मिळणाऱ्या सवलतीतून तो सेवेत शिरला आणि जिल्ह्याच्या पातळीवरील पदे सांभाळत घर, आई आणि कुळाचा कारभार पाहत राहिला. श्रोत्यांतील एका निवृत्त काकांनी विचारले, “मॅडम, मग थोरल्यावर अन्याय झाला असं म्हणायचं का?” त्यावर शिक्षिकांनी दिलेले उत्तर टिपून ठेवण्यासारखे होते. एका भावाने दरबार आणि दुसऱ्याने घर धरून ठेवणे ही त्या समाजातील मोठ्या घराण्यांची चाल होती, आणि दरबारातील भाऊ कोसळला तर परतण्यासाठी जागा शिल्लक राहत असे. १५९२ मध्ये जपानशी युद्ध पेटले तेव्हा र्‍यू यांनी राजाकडे विनवणी केली ती भावाला पदमुक्त करण्याची, कारण आईला सुरक्षित स्थळी नेणारे दुसरे कोणी नव्हते. सहा वर्षांनी ते स्वतः पदावरून दूर झाले तेव्हा परतण्यासाठी हाहोए होतेच.

येथे रामचंद्रपंत अमात्यांशी तुलना एका विद्यार्थिनीने सुचवली, आणि चर्चा चांगली रंगली. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रातील राज्यकारभार सांभाळणारे ‘हुकुमतपनाह’ रामचंद्रपंत हे निळो सोनदेवांचे पुत्र. म्हणजे अमात्यपदाशी घराण्याचा संबंध आधीपासूनच होता. जोसॉनमध्ये प्रधानाच्या मुलाला प्रधानपद वारशाने मिळत नसे. घराण्याची सवलत खालच्या पायरीपर्यंतच नेई. वर जायचे तर परीक्षा अटळ होती. नियमित वरिष्ठ परीक्षा तीन वर्षांतून एकदा होई आणि तीतून ३३ जण निवडले जात. त्याखेरीज विशेष परीक्षाही घेतल्या जात. र्‍यू १५६४ मध्ये प्राथमिक पातळीच्या आणि १५६६ मध्ये अशाच विशेष वरिष्ठ परीक्षेत उत्तीर्ण झाले. तुलना उपयुक्त होती, तरी तिच्यावर आणखी थोडा वेळ हवा होता, असे वाटून गेले. संकटात राज्य सावरणारे दोन कारभारी एवढ्या साम्यावर ती थांबली, आणि वतनाचा प्रश्न, जो आपल्याकडील कारभाऱ्यांच्या बाबतीत निर्णायक आहे, तो राहूनच गेला.

कालपट समजावण्यासाठी भिंतीवर लावलेला तक्ता साधा, पण विचारपूर्वक केलेला होता. एका बाजूला जोसॉन आणि दुसऱ्या बाजूला दख्खन. आपल्या भुईकोट किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही झगडत होत्या आणि चांदबिबीच्या विवाहात सोलापूर आदिलशाहीकडे आंदण म्हणून गेले, त्या सुमारास र्‍यू दोसानला गुरूंपाशी अध्ययन करत होते. १५६५ मध्ये तालीकोटची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी ते सेवेत दाखल झाले. १५९५–९६ मध्ये चांदबिबी अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवत होती तेव्हा ते जोसॉनचे मुख्य प्रधान होते. सोलापूरच्या श्रोत्याला परका काळ आपल्या काळाशेजारी ठेवता आला की तो लक्षात राहतो, आणि ही युक्ती करणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

कारकिर्दीच्या सत्रांचा वेग अधिक होता. १५६९ मध्ये चीनच्या मिंग दरबारी गेलेल्या शिष्टमंडळातील जबाबदारी, मग नेमणुका पाहणाऱ्या खात्यातील पद, आईजवळ राहता यावे म्हणून स्वतः मागून घेतलेली सांगजूची जिल्हाधिकारी म्हणून नेमणूक, पुढे ग्यॉंगसांग प्रांताची सुभेदारी, विधी व शिष्टाचार खात्याचे मंत्रिपद, आणि १५९० मध्ये तीन सर्वोच्च प्रधानांपैकी एक होणे, हा सारा चढता आलेख एका बैठकीत सांगितला गेला. यातील पदांची नावे नव्या श्रोत्याला अवघड जातात. वरून खाली नऊ श्रेणी, प्रत्येकीचे वरिष्ठ आणि कनिष्ठ असे दोन भाग, असे अठरा पायऱ्यांचे चित्र आधीच हाती दिले असते तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

गटबाजीचा भाग मात्र अत्यंत स्वच्छ मांडला गेला. १५७५ मध्ये दरबार पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील अशा दोन गटांत विभागला गेला. र्‍यू पूर्वेकडील गटात गेले ते बहुतांशी गुरूमुळे, कारण यी ह्वांग यांचे शिष्य त्याच बाजूस होते. पुढे पूर्वेकडील गटही दक्षिण आणि उत्तर असा फुटला आणि र्‍यू दक्षिण गटाचे अग्रणी झाले. या फुटीची किंमत राज्याने कशी मोजली हे सांगण्यासाठी शिक्षिकांनी १५९० च्या जपानला गेलेल्या शिष्टमंडळाचा प्रसंग निवडला. परतल्यावर पश्चिम गटाचे ह्वांग युन-गिल यांनी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी हल्ला करणार असे सांगितले. पूर्व गटाचे किम सॉंग-इल, म्हणजे र्‍यू यांचे गुरुबंधू, यांनी तसे काही दिसत नसल्याचा निर्वाळा दिला. र्‍यू यांनी खाजगीत विचारले असता लोकांत घबराट पसरू नये म्हणून आपण तसे बोललो, असे किम यांनी सांगितले. हा संवाद र्‍यू यांनी स्वतःच नंतर नोंदवून ठेवला आहे. गुरुबंधूच्या चुकीचा असा लेखी पुरावा मागे ठेवणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला, आणि व्याख्यानानंतर बराच वेळ या एका गोष्टीवर बोलत आम्ही काही जण जिन्यातच थांबलो होतो.

१५९१ मध्ये र्‍यू यांनी ज्या दोघांची शिफारस केली त्यांत ग्वॉन युल आणि यी सुन-शिन होते. यी सुन-शिन तेव्हा एका लहानशा तालुक्याचे अधिकारी होते. तेथून ते एकदम चॉल्ला प्रांताच्या डाव्या विभागाचे आरमारप्रमुख झाले. इतकी मोठी उडी नियमाला धरून नाही, असा आक्षेप दरबारातील देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी घेतला होता. पुढील वर्षी जपानी फौजा उतरल्या आणि महिन्याभरात राजधानी पडली. या पळापळीत गेसॉंग येथे र्‍यू यांना मुख्य प्रधानपद मिळाले आणि आरोपांमुळे लगेच गेले. १५९३ मध्ये ते पुन्हा मिळाले आणि १५९८ पर्यंत टिकले. राजा सॉनजो उत्तर सीमेवरील उईजूपर्यंत मागे सरकला होता आणि नदी ओलांडून मिंगच्या प्रदेशात आश्रय घेण्याचा विचार करत होता. राजाने देशाबाहेर पाऊल टाकले की राज्य हातचे गेले, असे सांगून र्‍यू यांनी त्याला कडाडून विरोध केला. मिंगच्या फौजेने १५९३ च्या आरंभी प्यॉंगयांग परत घेतले, परंतु त्या फौजेला धान्य पुरवण्याचा भार र्‍यू यांच्यावर होता, आणि उपासमारीने कोलमडलेल्या प्रजेकडून ते गोळा करायचे होते. मालिकांमध्ये लढाया दिसतात; येथे धान्याची पोती, बैल, नावा आणि पूल यांचा हिशेब ऐकायला मिळाला, आणि मुत्सद्द्याचे खरे काम म्हणजे काय ते समजले.

सर्वांत प्रभावी सत्र शेवटून दुसरे. जोसॉनच्या राजांच्या कारकिर्दींचे दरबारी इतिवृत्त आज मूळ चिनी लिपीतील मजकूर आणि आधुनिक कोरियन भाषांतर यांसह इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. १९९७ मध्ये युनेस्कोने त्याची ‘जगाची स्मृती’ म्हणून नोंद केली. सॉनजोच्या आधीच्या राजांच्या इतिवृत्तांच्या प्रती चार ठिकाणी होत्या. १५९२ च्या युद्धात त्यांपैकी तीन नष्ट झाल्या आणि चॉनजूची प्रत आन उई आणि सोन होंग-रोक या दोन स्थानिक विद्वानांनी नेजांग डोंगरात हलवली म्हणून वाचली. सॉनजो राजाच्या कारकिर्दीची मात्र एक नव्हे, दोन इतिवृत्ते आहेत. पहिले त्याच्या मुलाच्या काळात, र्‍यू यांच्या विरोधातील उत्तर गटाचे वर्चस्व असताना, १६१६ मध्ये पूर्ण झाले. १६२३ च्या सत्तांतरानंतर पश्चिम गटाने ते पक्षपाती ठरवून सुधारित इतिवृत्त हाती घेतले, आणि ते १६५७ मध्ये पूर्ण झाले. पहिले इतिवृत्त बाजूला टाकले गेले नाही. दोन्ही जपली गेली.

शिक्षिकांनी पहिल्या इतिवृत्तातील र्‍यू यांच्या निधनाची नोंद पडद्यावर दाखवून ओळीओळीने समजावली. त्यांची कुशाग्र बुद्धी आणि सौम्य वृत्ती तेथे मान्य केली आहे, पण मन खंबीर नव्हते, इतकी वर्षे राजाचा विश्वास लाभूनही त्यांनी स्पष्ट शब्दांत राजाला सुनावल्याचे ऐकिवात नाही, असा ठपकाही आहे. आणि त्याच नोंदीच्या आसपास राजधानीतील सामान्य लोक त्यांच्या जुन्या घराच्या जागी जमून रडले हेही येते. विरोधकांनी लिहिलेल्या कागदातूनही ही गोष्ट गाळली गेली नाही. माणसाविषयी दोन विरोधी साक्षी शेजारी ठेवून काय उरते ते पाहायला विद्यार्थ्यांना लावणे, हे मी आजवर इतिहासाच्या फार थोड्या वर्गांत पाहिले आहे. स्पर्धा परीक्षांसाठी तयारी करणारी जी मुले या वर्गाला होती, त्यांना साधनचिकित्सेचा याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकातून मिळणे कठीण आहे.

पदच्युतीचा भाग त्याच तोलाने झाला. मिंगचा अधिकारी दिंग यिंगताई याने जोसॉन जपानशी संगनमत करत असल्याचा आरोप सम्राटाकडे केला. खुलासा देण्यासाठी र्‍यू यांनी स्वतः जावे अशी अपेक्षा होती आणि ते गेले नाहीत, हे निमित्त करून उत्तर गटाने त्यांना घेरले. पण निमित्तामागील कारणे जुनी होती. ठिकठिकाणच्या खास वस्तूंच्या रूपात होणारी वसुली बंद करून जमिनीच्या प्रमाणात तांदूळ घ्यावा, गुलामांनाही सैन्यात भरती करावे आणि पराक्रम केल्यास मुक्त करावे, या त्यांच्या युद्धकालीन योजनांनी जमीनदार उमरावांचे हितसंबंध दुखावले होते. १५९८ च्या अकराव्या चांद्रमासात, नोर्‍यांगच्या लढाईत यी सुन-शिन धारातीर्थी पडले त्याच दिवशी र्‍यू पदमुक्त झाले. १६०० मध्ये मान परत मिळाला, तरी ते दरबारात परतले नाहीत. हाहोएला ओक्यॉन या नदीकाठच्या वास्तूत बसून त्यांनी युद्धाचा वृत्तांत लिहिला. ‘जिंगबिरोक’ या नावाने ओळखले जाणारे ते हस्तलिखित आज कोरियाची राष्ट्रीय संपत्ती आहे आणि १६९५ मध्ये ते जपानमध्येही छापले गेले.

आता उणिवांकडे वळतो. गंभीर उणीव अशी, की घराण्याविषयी इतके बारकाईने बोलणाऱ्या या अभ्यासवर्गाने त्या घराण्याचे अन्न कोण पिकवत होते हे जवळजवळ सांगितलेच नाही. नोबी म्हणजे जन्माने गुलाम असलेले लोक. ते जमिनीप्रमाणेच वारसाहक्काने मुलामुलींत वाटले जात, आणि त्या वाटण्यांचे दस्तऐवज आजही उपलब्ध आहेत. मुलींना समान वाटा मिळे, हे आपण कौतुकाने ऐकले. त्या वाट्यात माणसे होती, हे एका वाक्यात उरकले गेले. र्‍यू यांच्या गुलाममुक्तीच्या योजनेला विरोध का झाला, हे या माहितीशिवाय नीट कळूच शकत नाही. करविषयक योजनाही अखेरच्या सत्रात घाईने आटोपल्या. विणकर आणि गिरणी कामगारांच्या शहरात हा विषय श्रोत्यांना जड गेला असता असे मुळीच वाटत नाही; उलट प्रश्नोत्तरांत सर्वाधिक हात याच वेळी वर गेले होते.

बाकीच्या गोष्टी सहज दुरुस्त होण्यासारख्या आहेत. हातात दिलेल्या टिपणांतील वंशवृक्ष इतका बारीक छापला होता की मागच्या रांगेतील ज्येष्ठांना तो वाचता आला नाही. वय मोजण्याची जुनी कोरियन पद्धत जन्मतःच एक वर्ष धरते. ती न सांगता टिपणात र्‍यू यांचे निधन ६६ व्या वर्षी झाले असे लिहिल्याने सनावळी जुळवणारे गोंधळले. चुकलेल्या सत्राचे ध्वनिमुद्रण देण्याची सोय नव्हती. वेळ मात्र योग्य होती: सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी कोणालाही वर्गात बसवू नये, आणि सायंकाळी सात ही वेळ दुकान बंद करून येणाऱ्यांनाही जमली. शुल्क दोन हप्त्यांत भरता येते आणि मिळणाऱ्या ज्ञानाच्या मानाने ते वाजवी आहे.

कोरियन भाषा येत नसली तरी अडत नाही, कारण सर्व निवेदन मराठीत होते. केवळ मालिकांतील वेशभूषा आणि राजवाडे यांच्या ओढीने येणाऱ्यांना सुरुवातीची घराण्याची सत्रे संथ वाटतील. तरी ती टाळून थेट युद्धाच्या सत्राला येऊ नये, कारण थोरल्या भावाविषयी ऐकलेले नसेल तर १५९२ च्या विनवणीचा अर्थ लागत नाही आणि गुरूविषयी ऐकलेले नसेल तर गटांची फूट कळत नाही. पुढील वर्ग दिवाळीनंतर भरवण्याचा संस्थेचा विचार आहे, आणि त्यात एक सत्र वाढवून ते जमीन, कर आणि नोबी यांना द्यावे, अशी लेखी सूचना मी दिली आहे.